खडकीचे वसवणारे मलिक अंबर

वाचकहो, डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने आपण जाता तेव्हा दोन्ही बाजूंना नव्या नगरांचे मोठमोठे फलक आपल्या दृष्टीस पडत असतील. नगर अद्याप कागदावरच असते. परंतु त्याचे रस्ते, बागा, शाळा, पोहण्याचा तलाव आणि फाटकावरचा पहारेकरी हे सारे चित्रात आधीच उभे असते. अशा नगरांची जाहिरात करताना आणखी एक आश्वासन दिले जाते. येथे आपल्याला आपल्यासारखेच शेजारी लाभतील, समान संस्कारांची माणसे भेटतील, असे सांगितले जाते. कोणाचे संस्कार, ते मात्र सांगितले जात नाही. घर शोधायला निघालेल्या आपल्यापैकी अनेकांना ते आपले नाव सांगितल्यावर कळते.

जुम्याच्या नमाजनंतर हा विषय माझ्यासमोर वारंवार निघतो. वडीलधारी मंडळी म्हणतात की आपणही चार घरांनी मिळून जमीन घ्यावी, मध्यभागी मशीद बांधावी, मुलांसाठी मकतब काढावे आणि आपल्या पद्धतीने निश्चिंत राहावे. तरुणांतले काही जण विचारतात की असे फाटक लावून घेतले तर शेजाऱ्याचा जो हक्क दीनने आपल्यावर टाकला आहे तो फेडायचा कोठे आणि कोणापाशी. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात खरे दुःख आहे आणि खरी कळकळही आहे. दोन ओळींचा मसला सांगून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. म्हणून आज आपल्याला एका माणसाचे चरित्र सांगतो. त्यांनी आपल्याच महाराष्ट्रात, चारशेहून अधिक वर्षांपूर्वी, ओसाड खडकाळ जागी एक संपूर्ण नगर आखून वसवले. ते स्वतः या भूमीत जन्मले नव्हते, आणि आले तेव्हा त्यांच्या मालकीचे अंगावरचे वस्त्रसुद्धा नव्हते.

आपल्या भागाशी त्यांचे नाते अगदीच परके नाही. कल्याण आणि त्याच्या आसपासचा हा सारा उत्तर कोकण त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत असे. १६३६ मध्ये निजामशाही संपली तेव्हा हा मुलूख विजापूरकरांकडे गेला. त्यापूर्वी, १६२६ पर्यंतची सुमारे पंचवीस वर्षे, निजामशाहीचा कारभार ज्या हातात होता, ते हात मलिक अंबर यांचे.

त्यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. वाचकहो, हबशा हे नाव आपल्या कानांना किती ओळखीचे आहे! मक्केत पहिल्या मुसलमानांना राहणे अशक्य झाले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना ज्या देशात जाण्यास सांगितले तो हाच देश. नजाशी या ख्रिस्ती राजाने त्या बेघर माणसांना आसरा दिला आणि कुरैशांचे दूत त्यांना परत मागायला आले तेव्हा त्यांना सोपवण्यास नकार दिला. हजरत बिलाल (रजि.) यांचे मूळही त्याच भूमीतले. पुढे शतके लोटली आणि त्याच देशातील मुले गुलाम म्हणून तांबड्या समुद्रापलीकडे विकली जाऊ लागली. चापू नावाचा एक मुलगा असाच विकला गेला. आईबापांनी दारिद्र्यामुळे विकले असे काही इतिहासकार सांगतात, तर लढाईत पकडला गेला असे काहींचे म्हणणे आहे. अरबस्तानातील मोखा बंदर आणि तेथून बगदाद असा त्याचा प्रवास झाल्याचे सांगतात. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे पोहोचला. या मालकाने त्याला लिहा-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभार शिकवला. तेथेच तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले.

मीर कासिम त्याला घेऊन दख्खनमध्ये आला. अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने अंबरला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळचा गुलामही होता. आपल्यासारख्याच सुमारे एक हजार हबशी गुलामांना त्याने पदरी ठेवून शस्त्रविद्या आणि कारभार यांचे शिक्षण दिले होते. गुलाम हा पेशवा होऊ शकतो, हे अंबरने डोळ्यांनी पाहिले ते येथे. १५७४-७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पंचविशी ओलांडलेला हा तरुण आता स्वतंत्र होता. परंतु त्याला घर नव्हते, गाव नव्हते, कुळ नव्हते.

पुढची वीस वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळशी घोड्याच्या पाठीवर गेली. अंबर यांनी करीमा या स्त्रीशी विवाह केला. विजापूरच्या सैन्यात चाकरी केली, तेथेच त्यांना मलिक ही पदवी मिळाली असे म्हणतात. नंतर मतभेद झाल्याने ते बाहेर पडले आणि १५९५ च्या सुमारास पुन्हा अहमदनगरकडे वळले. त्या वेळी त्यांच्या हाताखाली जेमतेम दीडशे स्वार होते. अकबर बादशहाच्या फौजा दख्खनवर चालून येत होत्या. चांदबिबीने शर्थीने किल्ला लढवला. पण १६०० मध्ये तिचा अंत झाला आणि अहमदनगर पडले. राजधानी गेली, लहान सुलतान कैद झाला, सरदार पांगले. तेव्हा मलिक अंबर यांनी निजामशाही घराण्यातल्या एका राजपुत्राला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. तोच दुसरा मुर्तजा निजामशहा. आपली मुलगी त्यांनी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाले. मिया राजू या प्रतिस्पर्ध्याला हरवून १६०७ मध्ये त्यांनी जुन्नरला राजधानी नेली. १६१० च्या सुमारास ती दौलताबादला आली आणि त्याच वर्षी तेथून जवळच, खाम नदीकाठच्या खडकी या खेड्याच्या जागी त्यांनी नवे नगर आखायला घेतले.

येथे क्षणभर थांबून आपण दौलताबादकडे पाहू. त्याच डोंगराच्या पायथ्याशी त्यापूर्वी जवळपास तीनशे वर्षांआधी एक फार मोठा प्रयोग होऊन गेला होता. मुहम्मद तुघलकाने दिल्लीच्या लोकांना हुकूम देऊन तेथे आणले. उलेमा, सूफी, कारागीर, सरदार असे निवडक लोक तेथे वसावेत आणि दख्खनमध्ये एक आदर्श राजधानी उभी राहावी, असा त्याचा बेत होता. आणलेल्या माणसांत एकापेक्षा एक गुणी लोक होते. परंतु त्यांना विचारले कोणी नव्हते. थोड्याच वर्षांत सुलतानालाच परतीची परवानगी द्यावी लागली. मागे राहिले ते मुख्यतः ज्यांना कोणी हुकूम करू शकत नव्हते असे अल्लाहचे वली, आणि त्यांच्यामुळे खुलताबादची भूमी पावन झाली. मलिक अंबर यांना हा इतिहास ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांच्या रोजच्या वाटेवरच त्याचे अवशेष उभे होते.

खडकी या नावातच त्या जागेचे वर्णन आले. खडकाळ, उंचसखल, नदी आहे पण उन्हाळ्यात तिचा भरवसा नाही. अशा जागी अंबर यांनी रस्ते आखले, मशिदी बांधल्या, नदीकाठी सरदारांना वाड्यांसाठी जागा दिल्या. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून बांधलेला भव्य भडकल दरवाजा आजही उभा आहे. काळ्या दगडाची काली मशीद त्यांचीच. शहराच्या जामा मशिदीचा मूळ भागही त्यांनी बांधला, पुढे औरंगजेबाने तिची वाढ केली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने या इमारतींपेक्षा त्या नगराच्या वस्त्यांची नावे मला अधिक मोलाची वाटतात. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी ती नावे. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांवरून ती पडली. नगर वसवणारा हबशी मुसलमान, त्याचा सुलतान दख्खनी, आणि पुऱ्यांची नावे मराठ्यांची. नगरात अरब होते, हबशी होते, इराणकडचे होते, येथल्या मातीतले हिंदू-मुसलमान होते. त्या काळातल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने अंबर यांच्या फौजेत सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी असल्याची नोंद केली आहे.

आता कोणी म्हणेल, ही राजकारणाची गरज होती. मोगलांशी लढायचे तर मराठ्यांचे घोडदळ हवेच होते. बरोबर आहे, गरज होतीच. पण गरजेपोटी सैन्यात घेतलेला माणूस छावणीत राहतो. त्याला नगरात, त्याच्या नावाने, त्याच्या माणसांसह जागा देणे ही त्यापुढची पायरी आहे. मालोजी भोसल्यांच्या घराण्याची गोष्ट आपल्याला माहीत असेलच. त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ (रह.) यांच्या दर्ग्यात नवस केला आणि मुलगे झाल्यावर त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. हे दोघे भाऊ पुढे मलिक अंबर यांच्या बाजूने लढले. आपल्या राज्यातील हिंदू देवस्थानांची आणि ब्राह्मणांची जुनी इनामे अंबर यांनी चालू ठेवली.

१६१६ साली या नगराची कसोटी लागली. मोगलांनी द्रव्य आणि मनसबींचे आमिष दाखवून अंबर यांचे काही सरदार फोडले. फुटलेल्यांत मराठे होते आणि हबशीही होते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. ज्यांची भाषा, वंश आणि दीन अंबर यांच्याशी एकच होता, ज्यांनी त्यांच्यासारखीच गुलामीची वाट तुडवली होती, तेही गेले. चालून आलेले मोगल तर मुसलमानच होते. रोशनगावच्या लढाईत अंबर यांचा पराभव झाला आणि विजयी फौज खडकीत शिरली. सहा वर्षांत उभे राहिलेले नगर तिने लुटले आणि जाळून टाकले. परत फिरताना तेथे काही उरू नये याची तिने पुरेपूर काळजी घेतली.

अंबर तेव्हा सत्तरीच्या घरात होते. अशा वयात, अशा विश्वासघातानंतर, माणसाने काय करावे असे आपल्याला वाटते? दौलताबादचा अभेद्य किल्ला जवळच होता. विश्वासातल्या मोजक्या हबशी माणसांना घेऊन तटामागे राहणे आणि नगराचा नाद सोडणे हे शहाणपणाचेच ठरले असते. अंबर यांनी खडकी पुन्हा बांधायला घेतली. इतकेच नव्हे, तर पहिल्या वेळी जे करायचे राहिले होते ते याच काळात, १६१७ च्या सुमारास, हाती घेतले. त्यांनी नगरात पाणी आणायचे ठरवले.

हे काम दरबारातल्या काहींना वेडेपणाचे वाटले आणि त्याची थट्टा झाली असे सांगतात. डोंगर उत्तरेला, मध्ये खडक, आणि उचलून पाणी चढवील असे यंत्र कोणापाशी नाही. अंबर यांची योजना यंत्राची नव्हतीच. उत्तरेकडच्या हर्सूलजवळच्या खोऱ्यात जमिनीच्या पोटात जे पाणी झिरपते ते विहिरी खणून आणि भुयारे काढून एकत्र करायचे. त्याला जमिनीखालून बेताचा उतार देत नगरापर्यंत आणायचे. ठरावीक अंतरावर वर तोंडे ठेवायची, म्हणजे हवाही खेळेल आणि माणूस उतरून गाळ काढू शकेल. मध्ये पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी उंच बंबे बांधायचे. आणि नगरात शिरल्यावर खापरी नळांतून ते मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत सोडायचे. भुयारी असल्याने उन्हाने ते आटत नाही आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा माग लागत नाही. इराण-इराकाकडे अशी भुयारी पाटांची विद्या फार जुनी. बालपणीच्या बगदादच्या मुक्कामात अंबर यांनी ती पाहिली असेल का? निजामशाहीच्या अहमदनगरातही नहरी होत्याच, तेव्हा शिकायला त्यांना दूर जावे लागले नसेल. योगायोग असा की याच सुमारास अंबर यांचा मोठा शत्रू, मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, बुऱ्हाणपूरला अशाच तऱ्हेच्या भुयारी पाण्याचे काम करवून घेत होता. दोघे रणांगणात एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि आपापल्या नगरांत दोघेही एकच पुण्यकर्म करीत होते.

सुमारे पंधरा महिन्यांत नहर पुरी झाली असे सांगतात. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. तिचे पाणी विसाव्या शतकापर्यंत त्या शहरातल्या घरांना मिळत होते. एक हौद सरदाराचा आणि दुसरा हमालाचा, असे पाणी भुयारात वेगळे करता येत नाही. एकाच खोऱ्यातले पाणी मशिदीच्या वजूखान्यात यायचे आणि तेच मराठा सरदारांच्या पुऱ्यांतही पोहोचायचे.

वाचकहो, आता आपण मदीनेची आठवण करा. प्रेषित मुहम्मद (स.) तेथे पोहोचले तेव्हा तेही एक नवे नगरच वसत होते. मशीद बांधली गेली, घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांचे आणि अन्सारांचे भाईचारे जोडून दिले गेले, आणि मदीनेतल्या यहुदी कबिल्यांसह सर्वांचा करार झाला की नगराचे रक्षण सारे मिळून करतील आणि प्रत्येकजण आपल्या दीनवर राहील. पाण्याची तेथेही अडचण होती. रूमा नावाच्या विहिरीचे गोड पाणी विकत घ्यावे लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी वक्फ केली. त्यानंतर त्यांची स्वतःची बादली इतरांच्या बादल्यांसारखीच त्या विहिरीत सुटत असे. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोकांचा वाटा आहे, ही शिकवण आपण मकतबात लहानपणीच ऐकलेली असते. फिकहच्या ग्रंथांत तर तहानलेल्या माणसाचाच नव्हे, जनावराचाही पाण्यावरचा हक्क स्वतंत्र प्रकरणात सांगितला आहे. मलिक अंबर यांनी यावर काही लिहून ठेवलेले नाही. त्यांनी नहर खणली.

पाण्याबरोबर त्यांची दुसरी आठवण महाराष्ट्रातल्या खेड्यांनी जपली, ती शेतसाऱ्याची. त्यापूर्वी सरकार महसुलाची वसुली मक्त्याने देत असे. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम भरी आणि रयतेकडून मिळेल तितके ओरबाडी. अंबर यांनी मक्त्याची ही पद्धत बंद केली, जमिनीची प्रतवारी केली, प्रत्यक्ष पेरलेल्या जमिनीवर आणि पिकाच्या मानाने सारा ठरवला, आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांची जुनी व्यवस्था पुन्हा उभी केली. इतिहासाच्या पुस्तकांत ही मलिकंबरी पद्धत म्हणून आपण वाचली असेल. लढाया चालू असतानाही त्यांच्या मुलखात शेती होत राहिली याचे श्रेय बरेचसे या व्यवस्थेला दिले जाते.

पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा एक डच व्यापारी याच काळात त्यांना भेटला होता. त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीत अंबर यांची भव्य, कठोर चर्या आहे, रयतेचे त्यांच्यावरील प्रेम आहे आणि त्यांच्या कडक बंदोबस्ताचे वर्णन आहे. त्याच हकिकतीत असेही आहे की दारू पिणाऱ्याच्या घशात वितळलेले शिसे ओतण्याची शिक्षा ते देत. ही गोष्ट खरी असेल तर ती शरीअतची शिक्षा नव्हे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्या मुर्तजा निजामशहाला त्यांनी गादीवर बसवले होते त्याचा १६१० मध्ये मृत्यू झाला तोही विषाने, आणि त्यामागे अंबर यांचाच हात होता असे इतिहासकार सांगतात. जनान्यातल्या एका भांडणात अंबर यांच्या मुलीचा, तिच्या हबशी वंशावरून, अपमान झाला हे त्याचे निमित्त म्हणून सांगितले जाते. आणखी एक गोष्ट आहे. स्वतः गुलामीतून सुटलेल्या या माणसाच्या फौजेत हबशी गुलाम विकत घेऊनच भरती होत असे. दीनने गुलाम मुक्त करण्याला किती मोठे पुण्य मानले आहे हे अंबर यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? या गोष्टी गाळून मला त्यांचे चरित्र सांगता आले असते. पण मुलांना मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना आपण त्यांना फरिश्ते करतो आणि मग तीच मुले पुढे दुसरीकडे वाचून आपल्यावर विश्वास ठेवीनाशी होतात. ही आपल्या घरांतली खोड आहे.

जहांगीर बादशहाला हा माणूस किती सलत होता हे त्याच्या आत्मचरित्रावरून कळते. त्यात अंबर यांचे नाव बहुधा शिवीसह येते, आणि त्या शिव्या अनेकदा त्यांच्या काळ्या वर्णावरून आहेत. बादशहाने आपल्या चित्रकाराकडून एक चित्रही काढवून घेतले. त्यात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबर यांच्या मस्तकावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही.

१६२१ मध्ये शाहजहानच्या फौजेने खडकी पुन्हा एकदा उद्ध्वस्त केली. अंबर यांनी निजामशहाला वेळीच दौलताबादच्या तटात नेले होते. नहर जमिनीखाली होती. फौज गेल्यावर लोक परतले. तीन वर्षांनी, १६२४ मध्ये, मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन अंबर यांच्यावर आले. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांचा तळ पडला. ज्याने आयुष्यभर पाण्याचा अभ्यास केला होता त्या म्हाताऱ्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, तोफा आणि जनावरे रुतली, आणि मग अंबर यांचे स्वार तुटून पडले. दोन बलाढ्य सत्तांची एकत्र फौज तेथे मोडली. शहाजीराजे त्या लढाईत पराक्रमाने लढले. त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. गनिमी काव्याची जी रीत पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात जगाने पाहिली तिची एक मोठी पाठशाळा अंबर यांची फौज होती, हे अनेक इतिहासकार मान्य करतात.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर यांचे निधन झाले. वय सुमारे अठ्ठ्याहत्तर. ते हयात असेपर्यंत मोगलांना दख्खन पुरते जिंकता आले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर मोगल दरबारच्याच एका इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्यांच्या युद्धकौशल्याची, कारभाराची आणि न्यायाची जी प्रशंसा लिहिली तशी शत्रूविषयी क्वचितच लिहिली जाते. मुलगा फतहखान याला बापाची जागा मिळाली, योग्यता मिळाली नाही. त्याने खडकीचे नाव बदलून आपल्या नावावरून फतहनगर केले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्या नगराला औरंगाबाद हे नाव मिळाले, आणि आता ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. अंबर यांनी आपल्या नगराला स्वतःचे नाव दिले नव्हते. खेड्याचे जे खडकी हे नाव होते तेच त्यांनी राहू दिले. औरंगजेबाच्या काळात वाढलेल्या शहरासाठी आणखी नहरी काढाव्या लागल्या, आणि त्याच विद्येच्या जोरावर पुढे बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या खानकाहजवळ पाणचक्की फिरू लागली. तेथे फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई.

वडीलधाऱ्यांच्या आणि तरुणांच्या त्या वादाकडे मी परत येतो. आपली वसाहत करायची असेल तर जरूर करावी. मशीद जवळ असणे, मुलांना मकतब मिळणे, आजारपणात हाकेच्या अंतरावर आपले माणूस असणे यांत गैर काहीच नाही. मदीनेतही प्रत्येक कबिल्याचा आपापला मोहल्ला होता. परंतु जमीन घेण्याआधी आपण सर्वांनी बसून एक विचार करावा असे मला वाटते. आपल्या फाटकाबाहेरच्या वस्तीशी आपला काय संबंध राहणार आहे? आज डोंबिवलीत आपल्या नळाला येणारे पाणी उल्हास नदीचे किंवा बारवी धरणाचे असते. त्यासाठी बारवीच्या खोऱ्यातल्या काही गावांनी आपली घरे सोडली आहेत, आणि त्या गावांतली माणसे कोणत्या धर्माची हे आपण नळ सोडताना विचारत नाही. आपण बोअरवेल खणली तर तिची एक तोटी फाटकाबाहेर ठेवता येईल की नाही? मकतबाच्या खोलीत संध्याकाळी शेजारच्या वस्तीतल्या मुलांना अभ्यासाला बसता येईल की नाही? वसाहतीच्या नियमांत नाव पाहून घर नाकारण्याचे कलम आपणही घालणार आहोत का? ते कलम आपल्याला किती लागते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आणि कधी खुलताबादला जाल तेव्हा हजरत जर जरी जर बख्श (रह.) यांच्या दर्ग्याची जियारत करून लगेच परत फिरू नका. जवळच मलिक अंबर यांचा मकबरा आहे. तो त्यांनी आपल्या हयातीतच बांधवून ठेवला होता. तेथे फारशी वर्दळ नसते. शेजारी दुसरा एक लहान मकबरा आहे, तो त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांचा. दोघांसाठी फातिहा पढा. मुले बरोबर असतील तर परतीच्या वाटेवर शहरात हर्सूलकडच्या बाजूला नहरीची वर आलेली तोंडे कोठे उरली आहेत का, ते त्यांना शोधू द्या.